उंदीर पडला आणि मुंबई उठली

७ जुलै १८९६ च्या संध्याकाळी मुंबईत काळ्या घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात एक नवलाचा खेळ झाला. समोर पांढरा पडदा, मागे एक यंत्र आणि पडद्यावर चक्क हलणारी माणसं! फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंचा सिनेमॅटोग्राफ मुंबईत आला होता. तिकीट एक रुपया, म्हणजे त्या काळच्या मानाने भारीच. मिनिटा-मिनिटाची सहा चित्रं होती. त्यांतलं एक आगगाडी फलाटाला लागते त्याचं, आणि एक कारखाना सुटल्यावर बाहेर पडणाऱ्या कामगारांचं. आठवड्याभरात हाच खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेला. तिथे चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत दर लागले, पडदानशीन बायकांसाठी वेगळे बॉक्स राखले गेले, आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत मुंबईकर तिथे गर्दी करत राहिले.

पडद्यावरच्या त्या आगगाडीतून माणसं उतरत होती. सहा महिन्यांच्या आत मुंबईची खरी माणसं खऱ्या आगगाडीत चढू लागली, तीही मिळेल त्या डब्यात, हाताला लागेल ते गाठोडं घेऊन. कारखान्याच्या दारातून बाहेर पडलेले कामगार परत आतच येईनात. एका रोगाने शहराचं येणं-जाणं, खेळ-तमाशे, कामधंदा, सगळ्याची घडी विस्कटून टाकली. त्या रोगाला कागदोपत्री प्लेग म्हणत. मराठी माणूस गाठीचा ताप म्हणे. आमच्या घरात शब्द होता ताऊन. माझ्या दादीची आई ‘पहिल्या ताऊनच्या साली’ जन्मली, एवढीच तिच्या जन्माची नोंद आमच्याकडे आहे. तारीख नाही, वार नाही. अशा नोंदी महाराष्ट्रात घरोघरी होत्या. ‘प्लेगच्या साली लगीन झालं’, ‘दुसऱ्या प्लेगात थोरला गेला’, असं म्हातारी माणसं सांगत. पंचांगापेक्षा साथच जास्त लक्षात राहिली.

सुरुवात मांडवीत झाली. बंदराला लागून असलेली ही वस्ती. खाली धान्याच्या वखारी, वर दाटीवाटीने राहणारी कुटुंबं. १८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेगने कहर केला होता आणि तिकडून मुंबईला जहाजांची सतत ये-जा होती. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत दवाखाना चालवणारे डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी तापाचे काही रोगी तपासले आणि हा प्लेग आहे असं स्पष्ट सांगितलं. हे मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे. त्यांचं म्हणणं लगेच कुणाला पटलं नाही. पटवून घेणं परवडणारं नव्हतं, असंही म्हणता येईल. मुंबईत प्लेग आहे हे जाहीर होणं म्हणजे जगातल्या सगळ्या बंदरांनी मुंबईच्या जहाजांना दार लावणं.

पण लोकांना डॉक्टरच्या दाखल्याची गरज नव्हती. घराच्या तुळयांवरून उंदीर टपटप खाली पडू लागले की काय समजायचं ते माणसं समजत. ‘उंदीर मेला’ असं कुणी म्हणत नसे, ‘उंदीर पडला’ म्हणत. उंदीर पडला की घर सोडायचं. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती ८ लाख २१ हजार होती. फेब्रुवारी १८९७ पर्यंत त्यातली पावणेचार-चार लाख माणसं शहर सोडून गेली. जवळजवळ निम्मी मुंबई! कोकणची बोटीने गेली, घाटावरची रेल्वेने, गुजरातची आणि उत्तरेकडची तिकडे. काही नुसती चालत निघाली. शहरात उरलेल्या गिरणी कामगारांची गंमत पाहा. एरवी महिन्याचा पगार अडकवून ठेवणारे मालक आता रोजच्या रोज मजुरी मोजू लागले, आणि नाक्यानाक्यावर कामगारांवर बोली लागू लागली. मुंबईच्या मजुराला आपली किंमत इतकी उघड दिसली ती मरणाच्या दारात.

आता सरकारने काय केलं ते पाहू. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोगांचा कायदा झाला. हा कायदा मोजून चार कलमांचा. एका कलमाने सरकारला वाटेल ते नियम करण्याचा अधिकार दिला, त्यात रेल्वेच्या प्रवाशांची तपासणीही आली. दुसऱ्याने नियम मोडणाऱ्याला शिक्षा ठरवली. आणि शेवटच्या कलमाने सांगितलं की या कायद्याखाली चांगल्या हेतूने काम करणाऱ्यावर कुणाला दावा लावता येणार नाही. बस्स. ज्याच्या घरात शिरायचं, ज्याचं अंग तपासायचं, ज्याचं सामान जाळायचं, त्याच्याबद्दल त्या कायद्यात शब्द नाही. माझ्या मते त्या पुढच्या दोन वर्षांत जे जे घडलं त्याचं मूळ या न लिहिलेल्या कलमात आहे.

सगळ्यात आधी याचा चटका बसला तो प्रवाशांना. मुंबईहून सुटलेली गाडी कल्याणसारख्या स्टेशनांत थांबवायची. तिसऱ्या वर्गाच्या उतारूंना खाली उतरवून फलाटावर रांगेत उभं करायचं. मग डॉक्टरने नाडी पाहायची, काखेत आणि जांघेत गाठ आहे का ते चाचपायचं. बायकांसाठी बाई डॉक्टर असाव्यात असा नियम होता, पण त्या सगळीकडे कुठून मिळणार? ज्याचा ताप चढलेला, ज्याचे कपडे मळके, तो संशयित. त्याची रवानगी छावणीत, आठ-दहा दिवसांसाठी. वरच्या वर्गाच्या उतारूंना मात्र बहुतेक वेळा डब्यातच पाहून पुढे जाऊ दिलं जाई. रोगाला तिकिटाचा वर्ग कळत नव्हता, तपासणाऱ्याला कळत होता. मद्रास इलाख्यात तर प्लेगच्या गावाहून येणाऱ्याला ‘प्लेग पासपोर्ट’ देत. तो घेऊन माणसाने दहा दिवस रोज अधिकाऱ्यापुढे हजेरी लावायची. २०२० मध्ये एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जायला ई-पास काढावा लागला तेव्हा आपल्याला ते किती नवं वाटलं होतं!

समुद्राकडची वाट तर आणखी लवकर बंद झाली. युरोपातल्या सरकारांना भीती होती की प्लेग लाल समुद्रातून वर चढेल. त्यासाठी फेब्रुवारी-मार्च १८९७ मध्ये व्हेनिसला आंतरराष्ट्रीय परिषद भरली. व्हेनिस हे गाव यासाठी शोभणारंच, कारण ‘क्वारंटीन’ हा शब्द त्याच गावच्या बोलीतला, चाळीस या आकड्यावरून आलेला. पूर्वी बाहेरून आलेल्या जहाजाला चाळीस दिवस किनाऱ्यापासून लांब उभं करत. हा शब्द फिरत फिरत उर्दूत ‘करंतीना’ होऊन आला आणि हजला जाणाऱ्यांच्या तोंडी बसला. तांबड्या समुद्रात कामरान नावाचं एक उजाड बेट आहे. १८८२ पासून हिंदुस्थानच्या हाजींना तिथे उतरवून अडकवून ठेवत. ऊन, खारं पाणी, वाफेत घालून आकसलेले कपडे. कामरानचं नाव काढलं की जुने हाजी कानाला हात लावत.

१८९७ साली कामरानपर्यंतही जाता आलं नाही. मुंबई आणि कराचीहून हजची जहाजं सोडणंच सरकारने थांबवलं. त्या वर्षी रमजान फेब्रुवारीत सुरू झाला होता आणि हज मे महिन्यात होता. रमजान ईद झाली की निघायचं, असा बऱ्याच जणांचा बेत असणार. हज ही काही हवापालटाची सहल नव्हे. माणूस आयुष्यभर पै-पै जोडतो, मुलींची लग्नं उरकतो, देणी फेडतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून माफी मागतो आणि मग निघतो. परत येईल याची खात्री नसते. अशा माणसाला कळतं की या साली जहाज नाही. १८५८ च्या जाहीरनाम्यात राणीने धर्मात ढवळाढवळ करणार नाही असं वचन दिलं होतं. त्यामुळे सरकारही वर्षानुवर्षं हजला हात लावायला कचरत होतं. पण व्यापार बुडेल म्हटल्यावर त्याला निर्णय घेता आला.

मी एवढ्यावरून हजबंदी चूक होती असं म्हणणार नाही. साथीत प्रवास थांबवण्याची समजूत आमच्या परंपरेत सरकारपेक्षा फार जुनी आहे. जिथे ताऊन आहे तिथे जाऊ नये आणि आपण जिथे आहोत तिथे तो आला तर तिथून पळू नये, अशी पैगंबरांची शिकवण सांगितली जाते. खलिफा उमर सीरियाच्या वाटेवर होते. पुढे ताऊन असल्याचं कळल्यावर ते मागे फिरले, हा प्रसंगही प्रसिद्ध आहे. म्हणजे थांबायला लोक तयार होते. २०२० मध्ये सौदी सरकारने हज तिथल्याच हजारभर माणसांपुरती ठेवली, तेव्हा इथल्या घरांत दुःख झालं, पण दंगा झाला नाही. त्याच वर्षी आषाढीला माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीच्या गाडीतून पंढरीला गेल्या आणि वारकऱ्यांनी घरूनच हात जोडले. प्रश्न थांबण्याचा नसतो. कोण थांबवतंय, कुठल्या शब्दांत, आणि थांबवताना माझ्या दारात चपला काढतोय की बूट घालून आत शिरतोय, हा असतो.

पुण्यात बूट आत शिरले. तिथली हकीकत मराठी वाचकाला शाळेपासून ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. फेब्रुवारी १८९७ मध्ये वॉल्टर चार्ल्स रँड प्लेगच्या कामावर आला आणि मार्चपासून गोऱ्या सोजिरांच्या टोळ्या घरं तपासू लागल्या. देवघर काय, माजघर काय, बाळंतिणीची खोली काय, काही शिल्लक राहिलं नाही. २२ जूनच्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून परतताना गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडला गोळी घातली. त्याच्या मागच्या गाडीतला लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला आणि रँड ३ जुलैला. पुढे टिळकांना राजद्रोहाखाली अठरा महिने शिक्षा झाली, चापेकर फाशी गेले.

याच पुण्यात, याच मार्च महिन्यात आणखी एक गोष्ट घडली. तिला धड्यांत फारशी जागा नसे. सावित्रीबाई फुले यांनी आपल्या डॉक्टर मुलाला, यशवंतला, बोलावून घेऊन गावाबाहेरच्या माळावर दवाखाना सुरू केला होता. मुंढव्याच्या एका आजारी पोराला पाठीवर घेऊन त्या तिथे आल्या. पोरगा जगला म्हणतात. सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. रोग्याला घरातून उचलून न्यायचं काम रँडचे सोजीरही करत होते आणि सावित्रीबाईही. काम तेच. पण एकीकडे लोक रोगी लपवत होते, माळ्यावर, कणगीत, गोधड्यांच्या ढिगात. दुसरीकडे स्वतःहून आणून देत होते.

मुंबईत परिस्थिती याच दोन टोकांमध्ये हेलकावे खात राहिली. घरांच्या दारांवर रंगाने गोल काढून आत तारीख लिहायची, प्रत्येक रोग्यामागे एक गोल. काही दारांवर गोलांची माळच झालेली असे. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर यू. एच. एच. ही तीन इंग्रजी अक्षरं. उजेड यावा म्हणून चाळींच्या छपरांची कौलं काढून टाकत, भिंतींना चुना फासत, गटारांत समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक ओतत. ऑक्टोबर १८९६ मध्येच हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला होता. तिथे नेलेला माणूस परत येत नाही अशी अफवा होती, आणि बहुतेक वेळा तो येतही नव्हता. कारण लोक पार हाताबाहेर गेलेला रोगीच तिथे पोचू देत.

मार्च १८९७ मध्ये जनरल गॅटकरच्या हाती मुंबईच्या प्लेग कमिटीची सूत्रं आली. तो लष्करी माणूस होता, पण त्याला एक गोष्ट उमगली. तो जमातीच्या पुढाऱ्यांशी बोलला. मग जातीजातीची, जमातीजमातीची इस्पितळं निघाली. आपल्या माणसांच्या हातचं पाणी, आपला स्वयंपाक, बायकांना पडदा, शेजारी ओळखीचं कुणी. आज आपल्याला हे जातीचे कप्पे खटकतील, मलाही खटकतात. पण घरात दडवलेला रोगी त्यामुळेच बाहेर आला हेही खरं.

हे भान सुटलं की काय होतं ते ९ मार्च १८९८ ला दिसलं. मदनपुऱ्यात उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांची वस्ती. हातमागाची खटखट, गरिबी आणि कडक अब्रू. प्लेगची तुकडी तिथे एका बारा वर्षांच्या मुलीला तपासायला आणि न्यायला आली. घरच्यांनी नकार दिला. गल्ली जमली, मग मोहल्ला जमला. दगड आले, गोळीबार झाला, दोन्ही बाजूंची माणसं मेली. त्यानंतर गोदीतले मजूर आणि गाडीवान यांनीही काम बंद ठेवलं, त्यात हिंदू होते आणि मुसलमानही होते. पुढच्या काही महिन्यांत सरकारने सक्ती सैल केली. रोग तेव्हा कमी झाला नव्हता, पण लोकांना बरोबर घेतल्याशिवाय काही चालणार नाही हे कळायला मदनपुरा घडावा लागला.

या सगळ्या गदारोळात एक माणूस ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत निमूट काम करत होता. वाल्देमार हाफकिन. रशियातला ज्यू, फ्रान्समधून आलेला. त्याने तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना, तेही राजीखुशीने पुढे येणाऱ्यांना. पण लोकांच्या मनातली सुईची भीती कशी जाणार? तिथे आगाखान तिसरे पुढे आले. वय जेमतेम वीस. त्यांनी हाफकिनला कामासाठी आपला बंगला दिला आणि खोजा जमातीसमोर स्वतः लस टोचून घेतली, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. त्यांच्या मागून हजारो खोजांनी बाही वर केली. सक्ती नव्हती, सोजीर नव्हते. हाफकिनची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नर हाऊसमध्ये गेली. तिलाच १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतात.

आणि एवढं सगळं करूनही सरकार चुकीच्या माणसाच्या मागे होतं. माणसाच्या मागे होतं हीच चूक. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवून दिलं की प्लेग पसरतो तो उंदरावरच्या पिसवेमुळे. ते सर्वमान्य व्हायला पुढची सात-आठ वर्षं गेली. फलाटावर माणसांच्या काखा चाचपल्या जात होत्या, त्या वेळी मालगाडीत धान्याच्या पोत्यांबरोबर उंदीर आणि पिसवा गावोगाव चालल्या होत्या. १८९६-९७ चा दुष्काळ पडलेला, धान्य थांबवणं शक्यही नव्हतं. गटारांत पाणी सोडल्यावर बिळांतले उंदीर निघून शेजारच्या घरांत शिरले असणार. गावाकडच्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या माणसांनी मात्र काय केलं? उंदीर पडला की गाव सोडून मळ्यात झोपड्या घातल्या. दोन-तीन महिने सगळं गाव रानात. चुली तिथे, बाळंतपणं तिथे, लग्नंही तिथे. शास्त्र ठाऊक नसताना ते शास्त्राच्या जवळ होते.

खेळ-तमाशांचं काय झालं? सिनेमाचं यंत्र मुंबईत येत राहिलं. जानेवारी १८९७ मध्ये, शहर रिकामं होत असतानाच, गेइटी थिएटरात दुसऱ्या एका कंपनीचा खेळ लागला. आठवडाभर चालला. नाटक मंडळ्यांचं गणित मात्र रेल्वेवर आणि मुक्कामावर. गाव झोपड्यांत गेलं की थिएटरात बसायचं कुणी? २०२० च्या मार्चमध्ये आपल्याकडची नाट्यगृहं बंद झाली तेव्हा पडद्यामागच्या कामगारांच्या घरी चूल पेटायची पंचाईत झाली, तेव्हा मला त्या जुन्या मंडळ्यांतले तबलजी, आचारी, पडदे ओढणारे आठवले. त्यांची नावं कुणी लिहून ठेवलेली नाहीत.

काहींची आहेत. त्र्यंबकेश्वरचा एक तरुण गोध्र्यात फोटोग्राफीचा धंदा करत होता. तिथल्या प्लेगात त्याची बायको आणि मूल गेलं. धंदा गुंडाळून तो गाव सोडून निघाला. त्याचं नाव धुंडिराज गोविंद फाळके. १९१३ साली गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागलेला ‘राजा हरिश्चंद्र’ त्याचा.

दुसरी हकीकत मिरजेची, आणि ती कागदावर कमी, लोकांच्या तोंडी जास्त. किराना घराण्याचे अब्दुल करीम खाँ ऐन तारुण्यात मिरजेत आले आणि त्यांना प्लेग झाला. गाव ओस पडत चाललेलं. खाँसाहेब ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात जाऊन गात राहिले आणि बरे झाले, असं मिरजेत सांगतात. डॉक्टर मंडळी याला काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. खाँसाहेबांनी मात्र पुढे मिरजेतच घर केलं. १९३७ साली त्यांचा प्रवासात, रेल्वेच्या एका फलाटावर, अंत झाला आणि त्यांना आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केलं. त्यांच्या स्मरणार्थ उरुसात तिथल्या चिंचेच्या झाडाखाली गाणं होतं. हिंदू-मुसलमान गवई रांगेने बसतात, बिदागीचं विचारत नाहीत, आणि पहाटेपर्यंत गातात.